कापडी विमानावरचा जुना रंग काढून ठिगळ लावायचंय: कापड न दुखवता कुठपर्यंत खरवडायचं?

ट्रायपेसर५७

विमान पायपर ट्राय-पेसर, अमेरिकेत नोंदलेलं. फ्युजलाजच्या (विमानाच्या मुख्य धडाच्या) डाव्या अंगाला, दाराच्या मागे कापड एल आकारात फाटलंय. एक बाजू ५ इंच, दुसरी ३ इंच. सगळ्यात जवळचा स्ट्रिंगर (कापडाला आकार देणारी लांब पट्टी) फाट्याच्या खाली दीड इंचावर आहे. आतली नळी आणि स्ट्रिंगर शाबूत आहेत. कापड पॉलिएस्टर, लॉगबुकप्रमाणे पॉली-फायबर या कंपनीच्या पद्धतीने चढवलेलं. वरचा रंग चकचकीत आणि कडक आहे, एमईकेने (मिथाइल इथाइल कीटोन, रंग विरघळवणारं द्रावण) पुसला तर चिंधीवर काहीच येत नाही.

प्रश्न तीन. हा रंग काढायचा कसा? कुठल्या थराला थांबायचं? आणि दुकानात मिळणारा पेंट रिमूव्हर चालेल का?

डोपकरी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: रिमूव्हर अजिबात नको. तो धातूवरचा रंग फुगवून उचलण्यासाठी बनवलेला असतो. कापडावर तो रंगापाशी थांबत नाही. विणीतून आत झिरपतो, चिकटवलेल्या जोडांचा पॉली-टॅक (कापडाचा गोंद) मऊ करतो आणि आतल्या नळ्यांच्या प्रायमरलाही लागतो. शिवाय बऱ्याच रिमूव्हरमध्ये मेण असतं. ते धाग्यांत अडकून राहिलं की त्यावर ठिगळ धरत नाही.

एमईकेने रंग सुटत नाही म्हणजे तो बहुतेक पॉलियुरेथेन आहे. पॉली-टोन (याच पद्धतीतला विरघळणारा रंग) असता तर चिंधी लगेच रंगली असती आणि सगळं काम नुसत्या पुसण्यावर भागलं असतं. तरी विमानाच्या कागदपत्रांतला फॉर्म ३३७ (मोठ्या दुरुस्तीची नोंद) काढून बघा. कापड नव्याने चढवताना कुठल्या एसटीसीखाली (मूळ रचनेतल्या बदलाची मंजुरी) काय वापरलं ते त्यात असतं. ज्या पद्धतीने कापड चढवलंय त्याच पद्धतीच्या मालाने दुरुस्ती करायची, भेसळ नाही.

आता थर समजून घ्या, म्हणजे कुठे थांबायचं ते आपोआप कळेल. कापडाला लागून पॉली-ब्रश, तो बहुधा गुलाबी असतो. त्यावर चंदेरी पॉली-स्प्रे, त्यातली अ‍ॅल्युमिनियमची पूड ऊन अडवते. सगळ्यात वर रंग. ठिगळ पॉली-ब्रशने चिकटतं आणि नवा पॉली-ब्रश जुन्या पॉली-ब्रशला विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. पॉलियुरेथेन एकदा पक्का झाला की पुन्हा विरघळत नाही. त्याच्यावर लावलेलं ठिगळ नुसतं टेकलेलं असतं, आज ना उद्या वाऱ्याने कड उचलणार. चंदेरी थरात पुडीचं प्रमाण जास्त, म्हणून तिथेही पकड कच्ची. तेव्हा पोचायचं गुलाबी थरापर्यंत. उघडं कापड हे आपलं उद्दिष्टच नाही.

त्यासाठी दोन हत्यारं लागतात आणि दोघांची हद्द वेगळी. पॉलियुरेथेन वॉटर पेपरने घासून काढायचा, चंदेरी दिसेपर्यंतच. तिथून गुलाबीपर्यंत फक्त एमईके आणि चिंधी. कागद गुलाबी थरावर गेला की पॉलिएस्टरचे तंतू कापायला लागतो, आणि कापलेला तंतू नंतर कितीही कोट चढवले तरी सांधला जात नाही.

घासण्याआधी स्ट्रिंगरच्या माथ्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. कापड तिथे उंचवट्यावर ताणलेलं असतं, कागदाचा सगळा दाब त्या एका रेषेवर येतो आणि बाकी ठिकाणी रंगही निघालेला नसतो तोवर तिथे कापड उघडं पडतं. टेपखालचा रंग शेवटी ४०० च्या कागदाने, बोटभर पट्टीत, सावकाश काढायचा.

३२० चा वॉटर पेपर मऊ फोमच्या ठोकळ्यावर गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खुणांचे चर पडतात. पाणी भरपूर, हात हलका. कापड ठोकळ्याखाली दबून आत जाताना दिसलं तर दाब जास्त होतोय. लक्ष पाण्यावर ठेवा: आधी ओघळ रंगाच्या छटेचा असतो, मग तो राखाडी होतो. राखाडी झाला की चंदेरी लागला, लगेच ४०० वर या. ओघळात गुलाबी झाक दिसली तर त्या जागी पुन्हा कागद लावू नका. फाट्यातून घाण पाणी आत जाऊ नये म्हणून भोकावर आधी टेप मारा.

पंख आणि पाते

वरचं सगळं बरोबर. मापं मी देतो, कारण रंग किती काढायचा ते ठिगळावर ठरतं.

फाटलेला भाग कापून लांबट गोल भोक करा, कोपरा कुठेच नको. कोपरा ठेवला की तिथूनच फाटा पुढे सरकतो. एफएएच्या (अमेरिकेचं विमान वाहतूक प्राधिकरण) एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पत्रकात ८ इंचांपर्यंतच्या भोकाला चहूबाजूंनी किमान २ इंच कापड चढवायला सांगितलंय, हाच 'चढ'. ८ इंचांच्या वर भोकाच्या व्यासाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त ४ इंच. तुमचं भोक ५ बाय ३ च्या आसपास होईल, म्हणजे ठिगळ ९ बाय ७. त्याच्या बाहेर आणखी इंचभर चंदेरी उघडा ठेवायचा. रंग निघायला हवा साधारण ११ बाय ९ च्या पट्ट्यात.

हा बाहेरचा एक इंच वाचवायला जाऊ नका. पॉली-ब्रशमधलं द्रावण पॉलियुरेथेनच्या कडेला लागलं की कड सुरकुतते आणि मागे उचलते. मग तीच कड घासत घासत बाहेर सरकावी लागते आणि ९ इंचांचं काम १५ इंचांवर जातं.

तुमच्या मापात ठिगळ खालच्या स्ट्रिंगरवरून अर्धा इंच पुढे जातंय. कड त्याच्या इतकी जवळ ठेवू नका, खाली आणखी इंचभर वाढवा. फ्युजलाजचं कापड स्ट्रिंगरला शिवलेलं नसतं, म्हणून इथे काम सोपं. पंखावर भोक रिबपर्यंत (पंखाला आकार देणारी आडवी फासळी) गेलं किंवा लागणाऱ्या चढापेक्षा रिबच्या जवळ आलं, तर ठिगळ रिबच्या पलीकडे किमान ३ इंच न्यावं लागतं आणि रिबवर नव्याने टाके घालावे लागतात.

डोपकरी

आता एमईकेचा भाग.

एमईकेच घ्या. 'एमईकेला पर्याय' म्हणून विकलं जाणारं काही घेऊ नका. पांढरी सुती चिंधी चौपदरी घडी करून ओली करा, पिळल्यावर थेंब गळता कामा नये. पुसायचं बाहेरून भोकाकडे. उलट पुसलं तर विरघळलेली चंदेरी पूड कडेच्या स्वच्छ भागावर पसरते. प्रत्येक फटक्याला घडीची नवी बाजू. एकाच बाजूने चार वेळा पुसलं की चंदेरी निघत नाही, नुसता राखाडी लेप गुलाबीवर फिरत राहतो आणि वरून काम झाल्यासारखं वाटतं. उजेड तिरपा धरून बघा, चमक दिसली तर पूड शिल्लक आहे.

जाड थर हलत नसेल तर ओली चिंधी पसरून वर पॉलिथिनचा तुकडा दाबा, दोन-चार मिनिटांनी बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने थर सरकवा. धारेची पट्टी नको. गुलाबी थोडा पातळ झाला, विणीचा पोत दिसू लागला, तरी घाबरू नका. एमईके पॉलिएस्टरला खात नाही आणि तो थर आपण परत भरणार आहोत.

त्याआधी खिडक्या झाका. ट्राय-पेसरमध्ये ही जागा खिडकीपासून फार दूर नाही आणि एमईकेचा एक थेंब अ‍ॅक्रिलिकवर पडला की कायमचा धुरकट डाग पडतो, आत बारीक तडेही जातात.

हातमोजे ब्युटिल रबराचे. निळे नायट्राइलचे मोजे एमईकेपुढे टिकत नाहीत. तोंडावर सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क, दारं उघडी. वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते, म्हणून हॅंगरमधला हीटर आणि जमिनीवरची एक्स्टेन्शनची वायर दोन्ही बंद. कोरड्या हवेत कापड पुसताना स्थिर वीज तयार होते. विमानाला अर्थिंग करा, खाली फरशी ओली ठेवा. वापरलेल्या चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

ट्रायपेसर५७

खूप आभार, चित्र स्पष्ट झालं. ठिगळ लावल्यावर इस्त्री किती तापवायची? आणि सही कोणाची लागेल?

पंख आणि पाते

ठिगळ दातेरी कडेचं कापा, कोपरे गोल. ३ भाग पॉली-ब्रशला १ भाग रिड्यूसर (पातळ करायचं द्रावण) असं पातळ करून ब्रशने चढाच्या पट्ट्यात लावा, ठिगळ ठेवा, मधून बाहेर हवा काढा, वरून पुन्हा ब्रश. हवा तापलेली असेल तर आर ६५-७५ या नेहमीच्या रिड्यूसरऐवजी सावकाश सुकणारा आर ८५०० घ्या, नाहीतर ब्रश ओढेपर्यंत सुकतं. दमट दिवशी थर पांढुरका पडतो, तेव्हा एकतर थांबा किंवा पांढुरकेपणा रोखणारं बीआर-८६०० घाला.

पूर्ण सुकल्यावर इस्त्री. दातेरी कड बसवायला २२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १०७ सेल्सिअस. चिकटलेल्या पट्ट्यावर याच्या वर जाऊ नका, पॉली-ब्रश उष्णतेने मऊ होतो आणि ठिगळ सरकतं. भोकावरचा मधला भाग ढिला असेल तर तेवढाच, टप्प्याटप्प्याने, २५० पासून. ३५० ही शेवटची मर्यादा. त्याच्या फार वर पॉलिएस्टर ताण सोडतं आणि गेलेला ताण परत येत नाही. इस्त्रीच्या बटणावरचे आकडे धरू नका, तापमापकाने तपासून खूण करा. हीट गन तर नकोच, तिला ठरलेलं तापमान नसतं.

मग पॉली-स्प्रेचे दोन-तीन कोट. रंगाआधी अंधार करून आतून दिवा धरा, बाहेर उजेड दिसतोय तिथे आणखी एक कोट. वरचा पॉलियुरेथेन फवारताना कार्ट्रिजचा मास्क पुरत नाही, त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनासाठी बाहेरून हवा पुरवणारा लागतो.

सहीचं: एफएएच्या नियमांत भाग ४३, परिशिष्ट ए मध्ये, टाके लागत नाहीत आणि रचनेचा भाग किंवा कंट्रोल सरफेस (विमान वळवणारा हलता भाग, जसं एलेरॉन, रडर) काढावा लागत नाही असं साधं ठिगळ प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्समध्ये (किरकोळ देखभालीत) धरलंय. विमानाचा मालक पायलट असेल तर ते स्वतः करून लॉगबुकात नोंदवू शकतो. तुमचं काम त्यात बसतं. हेच एलेरॉन किंवा रडरवर असतं तर गोष्ट वेगळी, वाढलेल्या वजनामुळे बॅलन्स पुन्हा तपासावा लागतो.

कापूसकोंडा

कोणाचं विमान डोपवालं असेल (डोप म्हणजे कापडावर चढवायचा जुन्या पद्धतीचा लेप; ब्युटिरेट आणि नायट्रेट या त्याच्या दोन जाती) तर एक भर. एचएएलच्या पुष्पकच्या पिढीतल्या विमानांची दुरुस्ती करणाऱ्यांना उपयोगी पडेल.

ब्युटिरेट डोप ब्युटिरेटच्याच थिनरने मऊ होतो, घासायची गरज क्वचित पडते. ओली चिंधी आणि वर पॉलिथिन, हीच रीत. पण ठिगळ ब्युटिरेटनेच लावा. नायट्रेटवर ब्युटिरेट धरतो, ब्युटिरेटवर नायट्रेट धरत नाही. पापुद्र्यासारखा सुटून येतो. आणि नायट्रेट डोप कोरडा कधीच घासू नका, त्याची भुकटी ठिणगी लागताच भडकते.

सुती कापड असेल तर रंगाला हात लावण्याआधी ताकद मोजा. नव्या ग्रेड ए कापसाची ताकद इंचाला ८० पौंड असते, ५६ च्या खाली आलं की ते कापड बाद. तसं निघालं तर रंग काढत बसू नका, कापडच बदलायला आलंय.

ट्रायपेसर५७

ठिगळ १० बाय ७ करतो, खालच्या बाजूला एक इंच जास्त. रंग १२ बाय ९ मध्ये काढतो. खिडक्या आधी.