इटलीतले जुने चौक, आई-बाबांसोबत ऑगस्टमध्ये: कुठे थांबावं, कुठे नाही?

पायी_प्रवासी
मंडळी, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन इटलीला चाललोय. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस पक्कं, तिकिटंही झालीयेत. म्युझियममध्ये बाबा अर्ध्या तासात बाकडं शोधायला लागतात आणि आईचे गुडघे, त्यामुळे लाईनमध्ये उभं राहणं बाद. दोघांना निवांत बसून माणसं बघायला आवडतं म्हणून म्हटलं ही ट्रिप जुन्या चौकांभोवतीच बेतावी, शिवाय तिकीट नाही (हा मुद्दा बाबांचा). कुठल्या चौकाला वेळ द्यावा आणि कुठला फोटो काढून सोडून द्यावा? आणि बसायचं कुठे? १६ ऑगस्टला सिएनाला घोड्यांची शर्यत असते म्हणे, ती जमेल का? एक मित्र बोलोन्या कर म्हणतोय, तिथे काय आहे एवढं?

टायबरकाठचा
रोमचं सांगतो, इथेच नोकरीला आहे. पियात्सा नावोनाला सकाळी आठच्या आत जा, नऊनंतर ऊन आणि टूर ग्रुप एकदमच येतात. हा चौक असा लांबुळका का, तर खाली सम्राट डोमिशियनचं पहिल्या शतकातलं स्टेडियम आहे, प्रेक्षक बसायचे त्या जागेच्या पायावरच पुढे घरं उठली, म्हणून मैदानाचा आकार जसाच्या तसा राहिला. उत्तरेच्या टोकाला बाहेरच्या रस्त्यावरून जुनी कमान दिसते, तिकीट न काढता. मधल्या कारंज्यापाशी आईंना नक्की थांबवा, बर्निनीचं आहे, १६५१ चं, चार खंडांतल्या चार नद्या, नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. फक्त गंगामाई इथे दाढीवाला बाप्या आहे, हातात लांब वल्हं! युरोपात नद्यांचे देव पुरुष दाखवायची पद्धत, त्यात गंगाही सापडली. नाईलचं तोंड कापडाने झाकलंय कारण तिचा उगम तेव्हा त्यांना माहीत नव्हता. आणि ऐका, १९ व्या शतकापर्यंत ऑगस्टच्या शनिवार-रविवारी कारंज्याचं पाणी बाहेर जायची वाट बंद करून अख्खा चौक पाण्याने भरायचे, श्रीमंत लोक त्यातून घोडागाड्या फिरवायचे. आता ते नाही, ऊन मात्र तेच आहे.

स्पॅनिश स्टेप्स म्हणजे रोमच्या त्या प्रसिद्ध पायऱ्या, तिथे बसू नका, २०१९ पासून बंदी आहे, दंड २५० युरोपासून. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, पाणी चोवीस तास वाहतं आणि चांगलं थंड असतं.

घाटावरची
सिएनाची शर्यत आई-बाबांसोबत नको, अगदी स्पष्ट सांगते. शर्यत गावच्या चौकाभोवतीच धावते, त्या चौकाच्या मधे उभं राहायला पैसे पडत नाहीत हे खरं पण भर उन्हात तासन् तास उभं राहायचं, आत टॉयलेट नाही, आणि एकदा वाटा बंद केल्या की शर्यत संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही. शर्यत किती वेळ? तीन फेऱ्या, दीड मिनिटात खेळ खल्लास. त्यापेक्षा १३ च्या संध्याकाळपासून सराव असतो, १४ आणि १५ ला सकाळ-संध्याकाळ, तो बघा, तेच घोडे, तीच माती अंथरलेली, प्रत्येक मोहल्ल्याची पोरं आपापल्या रंगाचे रुमाल गळ्यात घालून गाणी म्हणतात, गर्दी निम्मीही नाही. १७ मोहल्ले आहेत, एका वेळी १० धावतात, खोगीर नाही, आणि स्वार पडला तरी घोडा एकटा पहिला आला तर तो जिंकतो. बाबांना हे आवडेल :)

चौक मात्र इटलीतला माझा सगळ्यात लाडका. सुपासारखा एका बाजूला उतरता, लाल विटांचा, पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांनी नऊ भाग केलेले कारण तेव्हा नऊ जणांचं सरकार होतं. पावसाचं पाणी उतरून खाली एकाच गटारात जातं. इथे जमिनीवर बसलं तरी कोणी हटकत नाही, पण शर्यतीच्या दिवसांत असं निवांत बसणं जरा विसराच. फ्लॉरेन्सहून बसने जा, ती वर गावात सोडते, रेल्वे स्टेशन खाली दरीत आहे, गुडघेवाल्यांनी उगाच चढ घेऊ नये.

बोलोन्याप्रेमी
तुमचा मित्र बरोबर बोलतोय. फ्लॉरेन्सहून फास्ट ट्रेनने पाऊण तासही लागत नाही, व्हेनिसच्या वाटेवरच आहे. पियात्सा माज्जोरेवर सान पेत्रोनिओ चर्च आहे, त्याचा दर्शनी भाग खाली संगमरवर आणि वर उघड्या विटा, १३९० ला सुरू केलं आणि तो भाग आजतागायत अर्धाच. पायऱ्यांवर सगळं गाव बसलेलं असतं. समोरच्या पोदेस्ता राजवाड्याखाली एक कमानींचा चौरस आहे, समोरासमोरच्या कोपऱ्यात दोघांनी भिंतीकडे तोंड करून हळू बोलायचं, पलीकडे स्पष्ट ऐकू येतं. आई-बाबांना तिथे उभं करा आणि तुम्ही लांब व्हा. आणि गावभर पोर्टिको म्हणजे छप्पर असलेले फूटपाथ, ऑगस्टमध्ये दुसरं काय हवं.

व्हेनिसच्या सान मार्को चौकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, दिवसा जाऊच नका. खाली बसून खायला बंदी, कॅफेत बसलात तर बँड वाजत असेल तर त्याचे पैसे वेगळे. रात्री दहानंतर जा, चौक तोच, माणसं दहावा हिस्सा.

पायी_प्रवासी
वा, भारी. सिएना १४ ला सरावासाठी, बोलोन्या एक रात्र फिक्स. एक विचारायचं राहिलं, टॉयलेटचं काय? आईचा पहिला प्रश्न तोच आहे.

टायबरकाठचा
बारमध्ये (इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान) शिरा, काउंटरवर उभ्याने कॉफी घ्या, दीड युरोच्या आसपास, आणि बाञ्ञो कुठे विचारा. टेबलावर बसलात तर त्याच कॉफीचे दुप्पट-तिप्पट होतात, चौकातल्या कॅफेत त्याहूनही जास्त, काउंटरवरचं दरपत्रक बघूनच बसा. मोठ्या स्टेशनांवर पैसे देऊन टॉयलेट असतं, एक युरोची नाणी जवळ ठेवा.