ब्रेक पॅडसोबत दोन्ही डिस्क पण बदलाव्याच लागतात का? घाट उतरताना स्टिअरिंग थरथरायलंय

केजवाला_८७

नमस्कार मंडळी. २०१५ ची डिझेल हॅचबॅक आहे, रीडिंग ७८ हजार. पुढं डिस्क, मागं ड्रम. पुढचे पॅड आजवर एकदाच बदललेत, ४१ हजारावर. डिस्क कंपनीतून आलेल्याच.

दर पंधरा दिवसांनी आईला घेऊन केजहून बीडला दवाखान्यात जावं लागतं. मागच्या महिन्यापासून मांजरसुंब्याचा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायलंय. गावात, चाळीस-पन्नासच्या वेगाला काहीच कळत नाही. त्यात आता आठ दिवसांपासून डाव्या पुढच्या चाकातून 'चीं' असा बारीक आवाज यायलाय. काच खाली घेतली की जास्त ऐकू येतो आणि ब्रेकवर पाय ठेवला की बदलतो. ब्रेक ऑइलची पातळीही खाली गेलेली दिसली, मी वरून भरलं.

सर्व्हिस सेंटरला दाखवली. चाक काढलंच नाही, रिममधून टॉर्च मारली आणि सांगितलं, पॅड संपलेत, दोन्ही डिस्क गेल्यात, साडेनऊ हजार लागतील. आमच्या इथला मिस्त्री म्हणतोय, डिस्कला काय होतंय, लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा थर खरवडून सपाट करून आणू, नवे पॅड टाकू, दोन-अडीच हजारात मोकळे.

सोयाबीनचे पैसे अजून हातात आलेले नाहीत, त्यामुळं खर्चाचा विचार आहेच. पण गाडीत आई बसते. जिथं वाचवू नये तिथं मला वाचवायचं नाही. पॅड आणि डिस्क नेमके किती किलोमीटरला बदलायचे, आणि दोघांतलं खरं कुणाचं?

परभणीची_शिक्षिका

दादा, आवाजापुरतं माझं सांगते. माझ्या गाडीतून गेल्या उन्हाळ्यात असाच जीवघेणा आवाज येत होता. आमच्या शाळेचा शेवटचा चार किलोमीटरचा रस्ता खडीचा आहे. चाक काढलं तर डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये हरभऱ्याएवढा खडा अडकलेला. पत्रा जरा वाकवून काढला, झालं. म्हणून चाक काढून बघितल्याशिवाय कुणाला पैसे देऊ नका. थरथर मात्र खड्यामुळं होत नाही, ते जाणकार सांगतील.

निवृत्त_मेकॅनिक_जालना

केजवाले, सगळ्यात आधी हे ऐका. चाक काढून बघेपर्यंत आईला घेऊन तो घाट उतरू नका. या खेपेला एसटीनं जा.

मी एसटीच्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत नोकरी केली, आता जालन्यात पोराच्या गॅरेजवर बसतो. बसला हवेचे ब्रेक आणि ड्रम, तुमच्या गाडीला ऑइलचे ब्रेक आणि डिस्क. तरी झिजणाऱ्या वस्तूचा नियम तोच, मोजल्याशिवाय बोलायचं नाही. तुम्हाला भेटलेल्या दोघांनीही मोजलेलं नाही. एकानं चाक न काढता 'बदला' म्हटलं, दुसऱ्यानं चाक न काढता 'चालतंय' म्हटलं. त्यामुळं खरं कुणाचं, हे आज मी पण सांगू शकत नाही.

किलोमीटरचं डोक्यातून काढा. आमच्याकडं जालन्याच्या बाजारात दिवसभर फिरणाऱ्या गाडीचे पॅड पंचवीस हजारात संपलेले मी काढलेत, आणि समृद्धीनं ये-जा करणाऱ्याचे साठ हजाराला अर्धे शिल्लक बघितलेत. ऊस चालू असताना दर दोन मिनिटाला ट्रॉलीमागं ब्रेक मारणारा आणि मोकळ्या रस्त्यानं जाणारा, दोघांना एक आकडा कसा लागू होईल?

पॅडचं सोपं आहे. नव्या पॅडच्या लोखंडी पट्टीवर साधारण १० ते १२ मिलिमीटर लायनर, म्हणजे डिस्कवर घासणारा थर असतो. तो ३ वर आला की बदलायचा. बऱ्याच पॅडना एक पोलादी जीभ असते, लायनर संपत आला की ती डिस्कला घासते आणि तुम्ही म्हणताय तसा 'चीं' आवाज करते. तिच्याकडं दुर्लक्ष केलं तर पुढं 'खरर्र' असा आवाज येतो. तो लोखंडावर लोखंड घासल्याचा. तिथपर्यंत गेलात तर डिस्क वाचत नाही.

आता जे टॉर्च मारून दिसत नाही ते. रिममधून फक्त बाहेरचा पॅड दिसतो. आतला, पिस्टनकडचा, चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही, आणि बऱ्याचदा आधी तोच संपतो. कॅलिपर, म्हणजे पिस्टननं पॅड डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर मागंपुढं सरकतो. पिनेचा रबरी बूट फाटला की आपल्या काळ्या मातीचा फुफाटा आत जातो, मृगात त्यात पाणी मुरतं आणि पिन जाग्यावर गंजून बसते. मग कॅलिपर सरकतच नाही. आतला पॅड एकटा झिजतो आणि बाहेरचा नव्यासारखा राहतो. तुमचा आवाज एकाच चाकातून आहे, म्हणून मला पिनेचीच शंका आहे. ती न सोडवता नवे पॅड टाकले तर वर्षाच्या आत पुन्हा इथंच याल.

ब्रेक ऑइल तुम्ही भरलंत ते चुकलं. पॅड झिजला की पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागं ऑइल जातं आणि टाकीतली पातळी उतरते. पातळी उतरते तेव्हा आधी पॅड बघायचे, मग कुठं गळतंय का ते बघायचं. आता नवे पॅड टाकताना पिस्टन मागं दाबला की ते ऑइल झाकणातून ओसंडेल आणि बॉनेटखालचा रंग खाईल. आधी सिरिंजनं थोडं काढून घ्यायला सांगा.

डिस्कला येऊ. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या वाटीवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंज असतो, तारेच्या ब्रशनं घासा, दिसेल. डिस्क त्या आकड्याच्या खाली गेली असेल तर लेथ नाही, काही नाही, बदलायची. पातळ डिस्क उष्णता धरून ठेवू शकत नाही, घाटात लवकर तापते आणि तडकते. वर असेल तर विचार करता येतो.

मोजतानाची एक चूक मी चांगल्या चांगल्या पोरांना करताना बघितलीय. पॅड जिथं घासत नाही तिथं, डिस्कच्या अगदी बाहेरच्या काठाला, गंजाची एक उभी कड राहते. व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, लावला की त्याचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. मायक्रोमीटर नसेल तर एकसारखी दोन नाणी घ्या. आधी दोन्ही एकत्र मोजा. मग डिस्कच्या दोन्ही बाजूंना, कडेच्या आत, एकेक नाणं धरून वरून व्हर्निअर लावा आणि नाण्यांची जाडी वजा करा. असं डिस्क फिरवत सात-आठ ठिकाणी मोजा.

सात-आठ ठिकाणी का, तर तुमची थरथर तिथंच सापडणार आहे. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडं सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातल्या दोन-तीन घरांचा फरकसुद्धा वेगात असताना स्टिअरिंगला कळतो. आणि ब्रेक न दाबताही थरथरत असेल तर डिस्क सोडा, चाकांचं बॅलन्सिंग बघा.

डिस्क वा पॅड, जे बदलाल ते डावं-उजवं दोन्ही. एका चाकाला नवं आणि एकाला जुनं ठेवलं तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

अजिंठा_टूरवाला

काकांनी सगळं सांगितलंय, ऑइलचं थोडं जोडतो. मी संभाजीनगरहून वेरूळ-अजिंठ्याला पाहुणे नेतो. सहा वर्षांपूर्वी अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरजवळ आलो आणि ब्रेकचं पेडल एकदम स्पंजासारखं खाली गेलं. गाडीत पाच माणसं. हँडब्रेक आणि पहिल्या गिअरवर गाडी बाजूला घेतली. अर्ध्या तासानं पेडल आपोआप ठीक झालं. पॅड चांगले होते, डिस्कही चांगल्या होत्या. ऑइल मात्र चार वर्षं बदललेलं नव्हतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ या प्रतीच्या ऑइलला नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळायला नको, पण ओलावा शिरला की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला तेच २३० आणि १५५. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाला ब्रेक लागतच नाही. तेव्हापासून दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलतो, किलोमीटर कितीही झालेले असोत. आणि घाट ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे अजून भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो, तसं करू नका.

केजवाला_८७

काका, खूप उपकार. या शनिवारी आईला एसटीनंच नेलं. एक विचारायचं होतं. डिस्क आकड्याच्या थोडी वर निघाली तर लेथवर फेस मारणं बरोबर आहे का? आणि नवं काम झाल्यावर मिस्त्रीकडून काय काय करून घेऊ?

निवृत्त_मेकॅनिक_जालना

फेस मारल्यावर जी जाडी उरेल ती बघा, आजची नको. नवे पॅड संपेपर्यंत डिस्क अजून झिजणार आहे. फेस मारून ती आकड्याला टेकत असेल तर लेथचे पैसे वाया. नखाला अडकणाऱ्या खोल रेघा, निळे-जांभळे डाग, काठापर्यंत गेलेली चीर, यातलं काही असेल तर मोजायच्या भानगडीत पडू नका, सरळ बदला.

काम चालू असताना तिथं उभे राहा. कॅलिपर काढला की तो होजपाइपवर लोंबकळत ठेवू देऊ नका, तारेनं बांधून ठेवायला लावा. जुनी डिस्क निघाल्यावर हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा, चेहरा उघडा पडतो, त्यावरचा गंज ब्रशनं चकचकीत काढायला लावा. हे काम दहातले आठ जण करत नाहीत. हबवर गंजाची खपली राहिली की नवी डिस्क तिरकी बसते, आणि पाच हजार किलोमीटरनं गिऱ्हाईक म्हणतं नव्या डिस्कनं पण थरथरतंय. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसायचा. डिझेल किंवा रॉकेलनं पुसू नका, त्याचा ओशटपणा राहतो. पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस. बेअरिंगचं साधं ग्रीस रबर फुगवतं. चाकाचे नट समोरासमोरचे, आळीपाळीनं आवळायचे.

गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागं गेलेला असतो, पहिला ब्रेक रिकामा जातो. मग मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत हलक्या पायानं वीस-पंचवीस वेळा वेग उतरवा, मध्ये थोडं चालू द्या, म्हणजे थंड होईल. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहायचं नाही. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाईचे ब्रेक टाळा. शेवटी वीसेक किलोमीटर चालवून थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. डावीकडं जास्त धग लागली तर कॅलिपर अजून अडकतोय.

केजवाला_८७

काम झालं, सांगतो.

मिस्त्रीला काकांचं सगळं वाचून दाखवलं. तो रागावेल असं वाटलं होतं, पण त्यानं स्वतःहून शेजारच्या लेथवाल्याकडून व्हर्निअर आणला. डावीकडचा आतला पॅड दीड मिलिमीटर, त्याच चाकाचा बाहेरचा ६. उजवीकडचे दोन्ही ५ च्या आसपास. डावीकडची खालची पिन हातानं हललीच नाही. पान्यानं फिरवून काढली तर बुटात लाल गंज आणि माती घट्ट बसलेली.

डिस्कवर घासून बघितलं तर १८ चा आकडा निघाला. आधी नुसता व्हर्निअर लावला तेव्हा डावी १८.९ दाखवत होती आणि मिस्त्री म्हणाला, चालतंय की. नाणी धरून मोजली तर १७.६ ते १७.८. उजवी १८.५. मग लेथचा विषयच संपला. दोन्ही डिस्क, चारही पॅड, पिना आणि बूट नवे, डॉट ४ ऑइल पूर्ण नवं. हबवरचा गंज मी स्वतः घासला. मजुरीसकट ७२०० गेले. सर्व्हिस सेंटरचं डाव्या डिस्कचं म्हणणं बरोबरच निघालं, पण पिनेबद्दल ते चकार शब्द बोलले नव्हते.

चार दिवस इकडंच, केज-धारूर रस्त्यावर चालवली. काल आईला घेऊन निघालो. नेकनूरला थांबून दोन्ही चाकांजवळ हात नेला, धग सारखी. घाट तिसऱ्या गिअरवर उतरलो, दोन वळणांवर ब्रेक लागला, स्टिअरिंग जागचं हललं नाही. पालीजवळ पुन्हा थांबून बघितलं, दोन्हीकडं सारखंच. मिस्त्रीनं हजार किलोमीटरनं डावं चाक परत काढून पिन बघायला बोलावलंय, ते झालं की इथं लिहितो.