अनुदान प्रयोगाला द्यायचं की नाट्यगृहाला?

तिसरी घंटा:
परवा आमच्या शहरात नाटकाला गेले होते. दुसऱ्या अंकात एसी बंद पडला तो पडलाच. मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हतं. नाटक चांगलं होतं, पण शेजारच्या आजी अर्ध्यातून उठून गेल्या. त्या आता परत कशाला येतील?

व्यावसायिक नाटकाला आज अनुदान मिळतं ते असं: समिती नाटक बघते, दर्जा ठरवते, मग प्रयोगांमागे पैसे. माझ्या मते हे थांबवावं आणि तो पैसा नाट्यगृहांवर खर्च करावा. बरंवाईट प्रेक्षक ठरवतील. शाहू महाराजांनी 1915 मध्ये कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभं केलं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. किती कंपन्या तिथे आल्या नि गेल्या. ऑगस्ट 2024 मध्ये ते जळालं तेव्हा कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत पाणी होतं. एका नाटकाला दिलेला पैसा शंभर वर्षं पुरतो का?

कनातीतला:
ताई, आमचं नाट्यगृह ट्रकमध्ये असतं. रोज नव्या गावात उभं करायचं, पहाटे उतरवायचं. माझे वडील तमाशाच्या ढोलकी फडात होते, म्हणून सांगतो. दसऱ्याला फड बाहेर पडतो, पण त्याआधी कलाकारांना उचल द्यावी लागते. नाही दिली तर माणूस दुसऱ्या फडात जातो. कनात, जनरेटर, कपडे, सगळं व्याजाच्या पैशावर. फिटायचं कधी? चैत्रातल्या यात्रांत. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, सुपाऱ्या ठरतात. 2020 ला टाळेबंदी सुरू झाली तो दिवसच पाडव्याचा होता. यात्रा गेल्या, पुढच्या वर्षीही गेल्या, व्याज कुठेच गेलं नाही.

आम्हाला दसऱ्याआधी बिनव्याजी पैसा पाहिजे. हंगाम सरल्यावर आलेलं अनुदान सावकाराच्या घरात जातं.

वडसेकर:
मला दोघांचंही पटत नाही. आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक मंडळांची कार्यालयं आहेत, गावकरी तिथे येऊन नाटक ठरवतात. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असो की मंडई म्हणजे गावची जत्रा, रात्री नाटक हवंच. शेतात मंडप, थंडीत शाली पांघरून रात्रभर माणसं बसतात, तीही तिकीट काढून. पक्कं नाट्यगृह नाही आणि कारभार अनुदानावर चालत नाही. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच्या कितीतरी आधीपासून ते गावांनी डोक्यावर घेतलेले नट होते. उद्या समिती आली की आमच्या भाषेला, आमच्या लावणीला दर्जा कोण देणार? मुंबईत बसलेली माणसं. नको ते.

विंगेतली:
वडसेकर, तुमच्याकडे धान निघाल्यावर नाटक बघायची सवय आहे. आमच्या तालुक्याला ती नाही. मी राज्य नाट्य स्पर्धेतून आले. ही स्पर्धा 1954 पासून सरकार चालवतं. आम्ही बँकेतले कारकून आणि शाळामास्तर, तिकीट विकून नाटक करायचं म्हटलं असतं तर एकही उभं राहिलं नसतं. चार वर्षं आमची नाटकं पडली, पाचव्या वर्षी जमलं. प्रेक्षक ठरवतील म्हणता, पण ती पहिली चार वर्षं कुणाच्या पैशानं काढायची?

आणि नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, ही मदत सरकारचीच आहे. तीही सोडायची का?

तिसरी घंटा:
विंगेतली, स्पर्धेबद्दल मी बोलले नव्हते, ती राहिलीच पाहिजे. कनातीतला, दसऱ्याआधीच्या पैशाचं तुमचं म्हणणं मला पटलं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक निर्मात्याला प्रयोगामागे पैसे द्यायला माझा विरोध कायम आहे. आणि फडाला बिनव्याजी कर्ज दिलं तर तारण काय? अवकाळी पावसानं यात्रा बुडाली की सरकार कनात जप्त करणार का?

कनातीतला:
सावकार आज काय बघतो? गेल्या हंगामात किती सुपाऱ्या झाल्या आणि फडाचं नाव काय. कागद तोच, माणसं तीच. सरकारनंही तेवढंच बघावं. पाऊस झाला तर हप्ता पुढच्या चैत्रावर टाकावा. शेतकऱ्याच्या पीककर्जाचं पुनर्गठन होतं ना, तसं. कनात नेली तर पुढच्या दसऱ्याला फेडणार कोण?

वडसेकर:
कर्ज असेल तर माझी हरकत नाही. त्यात दर्जा ठरवणारी समिती नसावी, एवढंच.