आशियाई चित्रपटांचे २००० साल: पडद्यावर न आलेल्या गोष्टी

नवा_प्रेक्षक:
आशियाई चित्रपटांची नीट ओळख व्हावी म्हणून इथून-तिथून वेचून पाहण्यापेक्षा २००० हे एकच साल धरून त्यातले चित्रपट ओळीने पाहायचे, असे मी ठरवले. हिंदी-मराठी चित्रपटांवर पोसलेल्या माझ्या नजरेला सर्वांत आधी जाणवले ते हे, की कथेतली कळीची गोष्ट पडद्यावर येतच नाही. हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाई यांच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’मध्ये एकीचा नवरा आणि दुसऱ्याची बायको यांच्या प्रकरणावर सगळी गोष्ट उभी आहे, पण त्या दोघांचे चेहरे आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाहीत. इराणचे जाफर पनाही यांच्या ‘द सर्कल’मध्ये तुरुंगातून बाहेर आलेल्या बायकांचा गुन्हा काय होता, हे कोणी सांगत नाही. तैवानचे एडवर्ड यांग यांच्या ‘यी यी’तला लहान मुलगा तर माणसांचे पाठमोरे फोटो काढत हिंडतो. हा आशियाई चित्रपटांचा स्वभाव मानावा, की माझ्या निवडीचा योगायोग?

मधली_रांग:
स्वभाव म्हणण्याआधी कारणे वेगळी करावीत, असे मला वाटते. इराणी पडद्यावर स्त्रीचे डोके घरातल्या प्रसंगातही झाकलेले असावे लागते आणि स्त्री-पुरुषांना एकमेकांना स्पर्श करता येत नाही. तिथे काय दाखवायचे नाही, हे बऱ्याच अंशी सरकारच ठरवते. पनाहींनी मात्र गुन्हा न सांगण्याचा उपयोग करून घेतला आहे, कारण गुन्हा ठाऊक नसल्यामुळे या बायकांचा न्याय करायला बसण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही. त्यातल्या सिगारेटकडे लक्ष द्या: एकामागून एक बाई ती ओढू पाहते, दर वेळी काहीतरी आडवे येते, आणि अखेरीस कैद्यांच्या गाडीत एकीला ती ओढायला मिळते. या चित्रपटाला व्हेनिस महोत्सवात गोल्डन लायन हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि मायदेशात त्यावर बंदी आली. वाँग यांच्यावर असले कोणतेही बंधन नव्हते. पक्की पटकथा हाती न घेता ते दीर्घकाळ चित्रण करत राहिले, १९६२ च्या हाँगकाँगचा बराचसा भाग त्यांनी बँकॉकमध्ये उभा केला, आणि चेहरे गाळणे ही सर्वस्वी त्यांची निवड होती. परिणाम सारखा दिसला, तरी या दोन गोष्टी मला एका माळेत ओवता येत नाहीत.

पिटातला_प्रेक्षक:
आपली यादी महोत्सवांच्या चाळणीतून आलेली आहे, हे विसरू नये. त्याच साली अँग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ आला, ज्याला पुढे चार ऑस्कर मिळाले आणि ज्यात बांबूच्या शेंड्यांवरची झुंज अगदी मोकळेपणाने दाखवली आहे. पार्क चान-वूक यांचा ‘जॉइंट सिक्युरिटी एरिया’ तर कोरियात तुफान चालला. जूनमध्ये दोन्ही कोरियांचे नेते प्योंगयांगला भेटले होते आणि सप्टेंबरमध्ये हा चित्रपट लागला, तेव्हा सीमेवरच्या शिपायांच्या चोरट्या मैत्रीची गोष्ट लोकांना किती जवळची वाटली असेल! अर्थात, पहिली गोळी कोणी झाडली हे तोही बराच वेळ लपवतो; पण ते रहस्यपटाचे लपवणे आहे, हिशेब शेवटी चुकता होतो.

जुना_सभासद:
‘यी यी’ आपण चुकीच्या खणात टाकला आहे, एवढेच नोंदवतो. माणसाला स्वतःचे डोके मागून दिसत नाही, म्हणून तो मुलगा ते फोटो काढून ज्याचे त्याला देतो. तेव्हा इथे लपवण्याचा नव्हे, दाखवण्याचाच खटाटोप आहे. बेशुद्ध आजीशी रोज बोलत जा, असे डॉक्टर सांगतात, आणि मुलाच्या आईच्या ध्यानात येते, की आपल्याकडे सांगण्यासारखे मिनिटभराचेही काही नाही, रोज तेच ते. ती रडते, आणि यांग तिचे रडणे न कापता पुरते पाहू देतात. पुढे रात्री कार्यालयाच्या काचेशी ती उभी असते, तेव्हा तैपेईचे दिवे तिच्या आकृतीवरच उमटतात. कान महोत्सवात यांग यांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले, ते अशा जागांसाठी मिळाले असावे, असे मी समजतो. जमल्यास हा एकदा पुन्हा पाहा, आणि जवळजवळ तीन तासांचा असला तरी एका बैठकीत.