विषय: सांगलीत मालकाकडून थेट फ्लॅट, भाडं किमतीतून वळतं करणार म्हणतात

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या मेल-यादीवर सांगली-मिरजेचे बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारते. विश्रामबागला दोन बेडरूमचा एक फ्लॅट आहे. मालक बाबांच्या ओळखीचे, निवृत्त शिक्षक. मध्ये एजंट नाही, त्यामुळे दलाली वाचते. किंमत 48 लाख. एवढे एकरकमी माझ्याकडे नाहीत. इथल्या, अमेरिकेतल्या घराचं कर्ज फिटायचंय, तेव्हा तिकडे दुसरं काढायला मन धजत नाही. मार्ग मालकांनीच सुचवला: आत्ता 5 लाख द्या आणि ताबा घ्या, दरमहा 20 हजार भाडं द्या, त्यातले 10 हजार किमतीत धरू, तीन वर्षांनी राहिलेले देऊन खरेदीखत करा. भाडं बाजारापेक्षा जास्त आहे, पण निम्मं परत मिळतंय असं मी धरलं. मधल्या काळात मी तो भाड्याने दिला तरी त्यांची हरकत नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करू, म्हणाले. इथे न्यू जर्सीत आमच्या शेजाऱ्यांनी असंच लीज-टू-ओन करून घर घेतलं. सांगलीत कुणी केलंय का असं?

– विश्रामबागची माहेरवाशीण

* * *

अगं, पैसे पाठवले नसशील तर थांब.

तुमच्याकडे अमेरिकेत तेवीस वर्षं काढून मी आता सांगलीतच असतो, पण मंडळाची यादी सोडवत नाही. तुझी मेल वाचली आणि थोरल्या भावाची आठवण झाली. 1998 साली त्याने गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, असंच घर घेतलं होतं. स्टॅम्पवर साठेखत (पुढे विकण्याचा करार), नोटरीचा शिक्का, निम्मे पैसे रोख, बाकीचे वर्षभरात देऊन खरेदीखत करायचं. मालक सज्जन होता, हे मी आजही म्हणेन. दादाने पैसे दिले, घराला रंग दिला, माळ्यावर खोली चढवली. खरेदीखत मात्र "पुढच्या महिन्यात" असं करत राहिलं. मालक वारला. मागे एक मुलगा, तीन मुली. मुलगा म्हणाला सही करतो; मुली म्हणाल्या, वडिलांच्या घरात आमचाही वाटा आहे. आणि तो होताच, 1956 च्या कायद्यापासून आहे. खरेदीखत करून मागायचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, ही मुदत दादाने भिडेखातर घालवली. ताबा त्याच्याकडे राहिला, घर नावावर झालं नाही. शेवटी तडजोड झाली आणि त्याच घराचे पैसे त्याने दुसऱ्यांदा मोजले. वहिनींचे दागिने त्यात गेले.

त्या वेळी नोंदणी नसलेल्या साठेखताने निदान ताबा तरी वाचत असे. 2001 च्या दुरुस्तीनंतर तेवढाही आधार राहिला नाही. साठेखत नोंदलेलं नसेल तर "मी पैसे देऊन ताब्यात आहे" हा बचाव चालत नाही. नोटरी म्हणजे सरकारदरबारी नोंदणी नव्हे. आणि साठेखत नोंदलं तरी मालकी येते ती खरेदीखतानेच. उद्या तुझे मालक म्हणाले की कुलमुखत्यारपत्र लिहून देतो, तर तोही रस्ता नको. त्याने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय.

आता तुझा हिशेब. छत्तीस महिन्यांत 7 लाख 20 हजार, वरचे 5 लाख, मिळून 12 लाख 20 हजार त्यांच्या हातात. त्यातले किमतीत धरले जाणार 8 लाख 60 हजार. तुझ्या हातात पाचशेचा कागद. तुमच्या तिकडेही लीज-टू-ओनमध्ये आधी ऑप्शनचे पैसे दिले आणि मुदतीत घर घेता आलं नाही तर ते बुडतात. पण तिकडे टायटल कंपनी मालकीचे कागद तपासते, मालकीचा विमा असतो. इकडे घर घेताना तसा विमा कुणी काढत नाही. तपासायचं ते आपणच.

दुसरी अडचण ताब्याची. साठेखतातच ताबा दिला की महाराष्ट्रात ते खरेदीखतासारखंच धरतात आणि पूर्ण मुद्रांक शुल्क आत्ताच भरावं लागतं. महापालिका हद्दीत साधारण सहा टक्के, म्हणजे 48 लाखांवर 2 लाख 88 हजार. घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट आहे. हे पैसे वाया जात नाहीत, पुढे खरेदीखताच्या वेळी वळते होतात. पण मालकांनी पाचशेचा स्टॅम्प काढला तो हे टाळायलाच. त्याऐवजी लीव्ह अँड लायसन्सवर राहायचं म्हटलंस, तर तो करारही नोंदवावा लागतो, आणि त्याने तुला नुसती राहायची परवानगी मिळते. दुसऱ्याला भाड्याने देण्याचा हक्क मिळत नाही.

माझं ऐकशील तर मुदत सहा महिन्यांची ठेव, तीन वर्षांची नको. ताबा न घेता नोंदणीकृत साठेखत कर, वकिलांकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च घे, पेपरात जाहीर नोटीस दे, आणि कर्ज काढावं लागलं तरी काढून सरळ खरेदीखत उरक. मूळ कागद मालकांच्या कपाटात आहेत का, हे बाबांना डोळ्यांनी बघायला सांग. "पतसंस्थेत आहेत" असं उत्तर आलं, तर कागद गहाण आहेत, आणि भाड्याची एवढी घाई का आहे तेही कळेल.

आणि पाणी. विश्रामबाग उंचावर म्हणून भाव खातो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45 आहे. गावभागातली आमची माणसं तेव्हा विश्रामबागच्या पाहुण्यांकडेच राहिली. तरी नाल्याकाठची इमारत असेल तर पाणी कुठवर येतं ते मालकांना विचारू नकोस, समोरच्या किराणा दुकानदाराला विचार.

– गावभागातले काका

* * *

काका, मनापासून आभार. बाबांना फोन केला. फ्लॅट मालक आणि त्यांच्या पत्नी, दोघांच्या नावावर आहे. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मृत्युपत्र नाही. मुलगा पुण्यात, मुलगी मेलबर्नला. मालक म्हणतात, "मुलं माझ्या शब्दाबाहेर नाहीत." हरिपूर रस्त्याला त्यांचा एक प्लॉटही आहे, तो स्वस्तात देतो म्हणाले.

* * *

मी लेखा परीक्षणाचं काम करते, म्हणून फक्त आकड्यांपुरतं सांगते. काकूंचा निम्मा हिस्सा नवरा, मुलगा, मुलगी या तिघांत सारखा वाटला जातो. म्हणजे मुलीचा वाटा पूर्ण फ्लॅटच्या एक षष्ठांश, 48 लाखांतले 8 लाख. तिची सही तर हवीच. शिवाय ती करासाठी अनिवासी असेल, तर तिच्या वाट्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुझी. भारतात राहणाऱ्या विक्रेत्याला 50 लाखांखाली टीडीएस लागत नाही, ती मर्यादा अनिवासीला लागू नाही. पैसे एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या बँक खात्यातूनच जाऊ देत. रोखीचं नावही काढू नकोस. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे.

प्लॉटचा सात-बारा आधी मागव. त्यावर शेती असेल तर अनिवासी म्हणून तुला तो विकत घेताच येत नाही. गुंठेवारीतला (परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेला) असेल तर नियमित केल्याचं प्रमाणपत्र बघ.

– मिरजेची ताई

* * *

काका, ताई,

5 लाखांचा ट्रान्सफर लावून ठेवला होता, तो रद्द केला. प्लॉटचा विषय सोडला. मेलबर्नच्या ताईंशी मी स्वतः बोलले. वडिलांनी फ्लॅट विकायला काढलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या फोनवर रडल्या, आईची शिलाई मशीन अजून त्या घरात आहे म्हणाल्या. विकायला त्यांची हरकत नाही, पण डिसेंबरमध्ये येऊन घर एकदा बघते आणि मगच सही करते म्हणाल्या. मीही त्याच सुमारास सांगलीत असेन. काका, तुमचे वकील तेव्हा भेटतील का?