मदत हवी आहे : पॉवर ग्लोव्ह घ्यावा की नेगकॉन?
नमस्कार. व्हिडिओ गेमच्या जुन्या, चमत्कारिक कंट्रोलरच्या संग्रहासाठी दोहोंपैकी एक निवडायचा आहे. अमेरिकेत १९८९ साली मॅटेलने निन्टेन्डोच्या कन्सोलसाठी आणलेला पॉवर ग्लोव्ह रुबाबदार आहे. मात्र टीव्हीभोवती रिसीव्हर बसवून, हातमोज्यातून निघणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीवरून हाताची जागा ओळखण्याची त्याची रीत मला खेळापेक्षा प्रयोगशाळेलाच शोभणारी वाटते. याउलट प्लेस्टेशनसाठी नामकोने १९९५ साली काढलेला नेगकॉन मधोमध पिळता येतो आणि जितका पिळावा तितकी गाडी वळते, म्हणून माझा कल तिकडे आहे. ज्यांनी हे वापरले आहेत, त्यांनी कृपया सांगावे : ग्लोव्हमधील बोटांचे सेन्सर इतक्या वर्षांनी विश्वासार्ह राहतात का, आणि वापरलेला नेगकॉन घेताना त्याचा सांधा कसा तपासावा?