परोपकारी वृत्ती हा स्थायी स्वभाव असतो का?

प्रश्न:
माझ्या आत्या ससून रुग्णालयात दाखल असलेल्या परगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी अनेक वर्षे नेमाने डबे पोचवत आहेत. मात्र पीएमपीच्या बसमध्ये त्या कुणासाठी जागा सोडत नाहीत. मग परोपकार हा स्वभावधर्म मानावा की प्रसंगाचा परिणाम?

प्रतिसाद १:
प्रसंगाचे वजन मोठे असते. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांच्या वाटेवर कण्हणारा एक माणूस बसवला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी मदत केली, तर अतिशय घाईत असलेल्यांपैकी केवळ १० टक्क्यांनी.

प्रतिसाद २:
हा प्रयोग मलाही महत्त्वाचा वाटतो, परंतु एका दुपारच्या एका कृतीवरून स्वभाव मोजता येत नाही, हे त्यात निसटते. हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी १९२० च्या दशकात हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणा, मदत करणे अशा वर्तनाच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा कोणत्याही दोन चाचण्यांमधील सहसंबंध क्षीणच आढळला, म्हणजे एका चाचणीतील वागण्यावरून दुसऱ्या चाचणीतील वागण्याचा फारसा अंदाज येत नव्हता. पुढे मानसशास्त्रज्ञ रश्टन यांनी दाखवून दिले की, अनेक चाचण्यांचे गुण एकत्र केले असता तीच मुले बऱ्यापैकी सातत्याने मदत करणारी ठरतात. आपल्या आत्यांचे डबे ही शेकडो दिवसांची बेरीज आहे, आणि मी तिलाच अधिक वजन देईन.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. आत्यांचे गुडघे दुखतात, हे मी बसच्या बाबतीत विचारातच घेतले नव्हते.